बिनझाडांचा पडदा

माझ्या धाकट्या भावानं रंगवलेला जंगलाचा पडदा पाहून लोक हसले, असं मी त्याला सांगितलं होतं. ते खोटं होतं. नाटकाच्या त्या रात्री तो पडदा लागलाच नव्हता. एवढीशी गोष्ट सांगायला मला म्हातारपण यावं लागलं, आणि सांगून झाल्यावरही हलकं वाटत नाही. नुसता थकवा आहे.

आमचं जुनं गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथं दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरायची, आणि रात्री नाटक. गावच्या नाट्यमंडळाचा मी अध्यक्ष होतो. मंडळाचे तीन पडदे होते, राजवाड्याचा, रस्त्याचा आणि जंगलाचा. जंगल उंदरांनी कुरतडलं, तेव्हा नवा पडदा रंगवायचं काम भावानं मागून घेतलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, हात चांगला होता. खळ्यात कापड पसरून तो दिवसच्या दिवस त्यावर वाकलेला असायचा.

मंडईच्या आदल्या दिवशी त्यानं मला पडदा दाखवायला नेलं. ना झाड, ना वेल, ना हरीण. काळपट हिरव्या रंगाचे उभे-आडवे पट्टे एकमेकांवर चढलेले, कुठं कुठं बोटांनी ओरबाडलेले, आणि त्यातून खाली उतरत गेलेली एक पिवळी फट.

"यात झाड कुठी आहे बे?"

"नाही."

"मंग जंगल कायचं?"

"आत शिरल्यावर जे होते ना, थे काढलं, भाऊ."

"मले तं शेणानं सारवलेलं आंगण दिसून राह्यलं."

तो हसला. "उभा राहून पाह्य ना जरासा."

मी उभा राहिलो नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं येणार होती. माझ्या डोक्यात फक्त त्यांचं हसणं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाखांदूरहून त्याच्या सासरचा निरोप आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. मिळेल त्या एसटीनं तो निघाला. जाताना म्हणाला, "ताणून बांधजो, भाऊ. अन् लाइट खालून देजो."

तो गेल्यावर मी पडदा गुंडाळला आणि शेजारच्या गावच्या मंडळाचा मागून आणला. त्यावर वाघ होता, धबधबा होता, दोन मोर होते. नाटक छान झालं.

मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन तो परतला. पेढा हातावर ठेवायच्या आधी त्यानं विचारलं, "लोकं काय म्हनले?"

"हासले," मी म्हणालो. "काढाच लागला मंग."

मी घाबरलो होतो, हे मला सांगायचं नव्हतं. माझी भीती मी लोकांच्या नावावर टाकली. त्यानं दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. हसले म्हटल्यावर कोण विचारतं? पुढं तो मंडळात आला नाही. जवाहरनगरला एका ठेकेदाराकडे लागला आणि कारखान्याच्या क्वार्टरांची दारं-खिडक्या रंगवत राहिला. सगळी एकाच रंगाची.

पडदा माझ्याकडेच राहिला. मी तो धानाच्या पुंजण्यावर, कापलेल्या पेंढ्यांच्या ढिगावर, झाकायला वापरू लागलो. एका वर्षी कापणीनंतर अवकाळी पाऊस आला. समोर ते झाकलेलं पुंजणं, आणि मी शेतातल्या झोपडीत अडकलेलो. दुसरं बघायला काही नव्हतं. सवयीनं आधी झाडंच शोधली. हा बुंधा असेल, ही फांदी असेल. मग कंटाळून शोधणं सोडलं. बऱ्याच वेळानं एकाएकी भीती वाटली. लहानपणी मोहफुलं वेचताना आई एकदा नजरेआड झाली होती, तेव्हा वाटली होती तशी. त्या कापडावर आई नव्हती, मोह नव्हता. पण ती भीती होती, आणि धावत जावंसं वाटणारी ती पिवळी फट होती.

मला अशी चित्रं कळतात असं मी म्हणणार नाही. त्यांना वेळ द्यावा लागतो, इतकंच कळलं. आणि मी भावाला एक विडी ओढून होईपर्यंतचाही वेळ दिला नव्हता. त्यानंतर तो पडदा मी पुंजण्यावर टाकला नाही. गाव उठलं तेव्हा सामानात घेऊन आलो. तरी बोललो मात्र नाही.

आता पुनर्वसनाच्या गावठाणात आमची घरं लागून आहेत. दोघांच्याही बायका गेल्या. या हिवाळ्यात एका सकाळी ओसरीवर चहा पिताना मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो चिडेल, उठून जाईल, असं वाटलं होतं.

त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजे कोनीच नाही पाह्यला?"

"नाही."

"मी समजत होतो, साऱ्या मंडईनं पाह्यला. हासले तं हासले." त्यानं कप बाजूला सरकवला. "तिकडं दारं रंगवताना ठेकेदार रागावला का, मी मनात म्हनो, लेका, तुह्या दाराकडं कोनी पाह्यत बी नाही. माह्या पडद्यावर अख्खी मंडई हासली."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या खोट्यानं मी त्याला मोडलं, त्याच खोट्यावर तो उभाही राहिला होता. आज खरं सांगून मी तेही काढून घेतलं.

"कुठी आहे?" त्यानं विचारलं.

माळ्यावरून पडदा काढायला आम्हां दोघांना फार वेळ लागला. शेवग्याचं झाड आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये तो बांधला. भोकं पडली होती, हिरवा विटला होता, खालच्या काठाला चिखलाचे डाग होते. पिवळी फट तेवढी शाबूत होती.

शेजारची सून रेशन घेऊन येत होती. ती थबकली. "काकाजी, पुंजणं तं दिसत नाही, ताडपत्री कायले ताणली?"

"जंगल आहे थे," भाऊ म्हणाला.

तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. "झाड तं एकबी नाही!"

भाऊ माझ्याकडे वळला. "हासली," तो म्हणाला. मग प्लास्टिकची खुर्ची ओढत तिच्यापाशी नेली. "बस बाई. पाह्य जरासा."

"स्वयंपाक पडला ना, काकाजी."

माझे हात बांधाबांधीनं भरून आले होते. मी पायरीवर टेकलो. ती बसली नाही, पण तांदळाची पिशवी तिनं खाली ठेवली.