कापसाची खोली

माझ्या बाळंतपणासाठी ठरवलेली खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली होती. ती कधी रिकामी होणार असं विचारलं की वडील म्हणायचे, "या बाजारी." बाजार यायचा, जायचा. मग पुन्हा, "या बाजारी."

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी सौसरच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि माझे यजमान तिथंच तहसिलीत बाबू होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा दोन्ही घरांचा रिवाज. त्यामुळे संक्रांत झाल्याबरोबर वडील मला पांढुर्ण्याला न्यायला आले. निघताना सासूबाईंनी माझी ओटी भरली आणि वडिलांना विचारलं, "भाऊ, पोरीची खोलीगिली तयार हाय न?"

"एकदम तयार," वडील म्हणाले. "तुम्ही चिंताच नोका करू."

घरी पोचल्यावर मी त्या खोलीचं दार ढकललं तर ते वीतभरच उघडलं. आतून कापूस दार मागं लोटत होता. फटीतून दोन-चार पुंजके बाहेर पडले आणि माझ्या पायाशी आले. मी आईकडं पाहिलं. आई चुलीकडं वळली.

आमचं घर म्हणजे ओसरी, पुढची खोली, मधली खोली आणि मागं स्वयंपाकाची जागा. मधल्या खोलीला परसाकडं उघडणारी खिडकी होती आणि न्हाणी दोन पावलांवर. बाळंतिणीला दुसरी सोयीची जागा घरात नव्हती. तिथंच माझी बाज पडायची होती, तिथंच शेगडी ठेवायची होती. आईनं बाज विणून घेतली होती, जुनी लुगडी फाडून लंगोट आणि दुपटी शिवून ठेवली होती. बाज ओसरीत उभी होती आणि कपड्यांचं गाठोडं पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात पडून होतं, कारण ठेवायला जागा नव्हती. मीही त्याच पुढच्या खोलीत झोपायची. सकाळी उजाडत नाही तोच वडिलांकडं कोणीतरी यायचं, भावाच्या, पाण्याच्या, संत्र्याच्या गप्पा मारायचं, आणि मी एवढं मोठं पोट घेऊन अंथरूण गुंडाळत मागं जायची.

कापूस घरात असला की त्यातले बारीक किडे अंगावर चढतात. ज्यांच्या घरी कापूस साठतो त्यांना ही खाज माहीत आहे. माझं पोट आधीच ताणलं होतं, त्यावर लाल चट्टे उठले. आई खोबऱ्याचं तेल लावायची आणि म्हणायची, "होऊन जाईन वं. तुह्या बाबाच्या मनात हाय."

मला त्या "होऊन जाईन"चा राग यायचा. कसं होईन? कोण करीन? तो कापूस आपल्या पायानं उठून जिनिंगच्या कारखान्यात जाणार होता का?

वडील वाईट माणूस नव्हते. त्यांच्या अंगात आळसही नव्हता. मागल्या वर्षी त्यांनी घाई करून कापूस विकला आणि नंतर भाव चढला, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं की या वर्षी आपण फसायचं नाही. बाजारच्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून जायचे, व्यापाऱ्यांशी बोलायचे आणि संध्याकाळी परत येऊन सांगायचे, "अजून चढून राहिला भाव. दम धरा थोडा." एकदा भाव चढला नव्हता तर म्हणाले, "पडला हाय. आता विकणं म्हणजे मूर्खपणा." भाव चढला तरी खोली भरलेली, पडला तरी भरलेली. मी त्यांना हे बोलून दाखवलं तेव्हा ते हसले. मी चुकले म्हणून नाही, तर लहान मुलीचं बोलणं ऐकून हसावं तसं.

मग एक दिवस सरकारी दवाखान्यातली नर्सबाई मोहल्ल्यात सुया द्यायला आली. ती छिंदवाड्याकडची, हिंदी बोलणारी. मला सुई दिल्यावर तिनं विचारलं, "जचकी के बाद कौन से कमरे में रहोगी?"

मी मधल्या दाराकडं बोट दाखवलं. तिनं जाऊन दार ढकललं, फटीतून आत पाहिलं आणि वडिलांकडं वळून म्हणाली, "भैयाजी, इसमें तो बिल्ली भी नहीं घुसेगी. बच्चा कहाँ रखोगे?"

वडील खो खो हसले. "बाई, ही पोरगी झाली तवा बी खोलीत कापूसच होता. काय झालं? मास्तरीण झाली न?"

नर्सबाई आपली पिशवी उचलून निघाली. आई हातातलं सूप घेऊन तशीच उभी होती. माझा जन्म कुठं झाला हे मी कधी विचारलंच नव्हतं. नर्स गेल्यावर विचारलं.

"गोठ्याच्या बाजूले पडदा लावला होता," आई म्हणाली. "थंडी होती. तुले छातीशी धरून बसली मी." आणि ती तांदूळ पाखडायला लागली.

त्या दिवशी मी यजमानांना पत्र लिहावं असं मनात आणलं, पण लिहिलं नाही. ते मधल्या एका रविवारी आले होतेच. खोली पाहून त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "तुह्या बाबाले मी काय सांगू? जावई माणूस." जेवले आणि दुपारच्या बसनं परत गेले. जो तो दुसऱ्याच्या मनाचा विचार करत होता. माझ्या पोटातल्या बाळाला मात्र दिवस भरत आल्याचं कळत होतं. ते सारखं पाय मारायचं.

पुढच्या बाजारी वडील सकाळीच गेले आणि मी ठरवलं. आई पाणी भरायला गेली होती. मी दोन जुन्या चादरी अंगणात पसरल्या, मधल्या खोलीचं दार अंग टेकवून जेवढं उघडेल तेवढं उघडलं आणि कापूस ओढायला सुरुवात केली. कवळाकवळानं काढून चादरीवर टाकत होते. नाकातोंडात तंतू जात होते. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून बसून काढत होते. आई घागर घेऊन आली, मला पाहून दारातच थांबली. तिनं घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि माझ्या शेजारी बसली. रागावली नाही, उठही म्हणाली नाही. आम्ही दोघी काढत राहिलो. दार अर्धं उघडलं. पलीकडची भिंत दिसायला लागली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी हसलेच.

तेवढ्यात वारा सुटला. चादरीवरचा कापूस उडून तुळशीपर्यंत, मोरीपर्यंत गेला. आणि नेमके त्याच वेळी वडील परत आले.

"काय करून राहिल्या तुम्ही!" ते फाटकातूनच ओरडले. "माती लागली तर कोण घेईन याले?" पिशवी टाकून ते अंगणभर धावत एकेक पुंजका वेचायला लागले. वेचलेलं झटकायचे, फुंकायचे आणि परत खोलीत नेऊन टाकायचे. मग चादरीवरचाही उचलून आत टाकायला लागले. मी दारातच बसले होते. माझ्या डोक्यावरून ते कापूस आत फेकत होते.

"बाबा, मी कुठं निजू?" मी विचारलं.

"पुढच्या बाजारी खाली करून देतो म्हटलं न!"

"तवा मी बाजेवर असीन, बाबा!"

"अवं, मंग पडदा लावू. तुह्या मायनं नाई केलं?"

आई उठली. हातपाय धुतले. आत जाऊन तिनं कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि त्याला वरून आणखी एक लुगडं बांधलं. एका पिशवीत पीठ, डाळ आणि तिखटमिठाच्या पुड्या भरल्या. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ऊठ. सौसरले जाऊ."

"कोण?"

"तू अन् मी."

"अन् बाबा?"

"बाबाजवळ कापूस हाय," आई म्हणाली.

वडिलांच्या हातात अजून पुंजके होते. त्यांना वाटलं, ती रागानं बोलते आहे, बसस्टँडवरून परत येईल. मलाही तसंच वाटलं होतं. पण आई माझा हात धरून चालत राहिली आणि सौसरची बस लागल्यावर तिनं मला खिडकीशी बसवलं. बाळंतपणाला आलेली लेक आधीच परत चालली, तीही आईला घेऊन, असं आमच्या ओळखीत कुणी ऐकलं नसेल. वाटेतलं मोहगाव येईपर्यंत रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला आई माझ्या पोटाखाली हात धरायची.

सौसरला यजमानांनी दार उघडलं आणि आधी मला, मग आईला, मग गाठोड्याला पाहिलं. "काहून आली? सारं बरं हाय न?"

सासूबाई आतून आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लोक काय म्हणतीन? सुनेले माहेर नाई काय?" आई उभीच होती. मी त्या क्षणी दोन्ही घरांवर इतकी चिडले होते की नुसती खाटेवर जाऊन बसले. इथं खोली रिकामी होती, पण कुणी मनापासून या म्हणत नव्हतं.

शेवटी आईच बोलली. "बाई, मी पोरीचं करीन अन् जाईन. तुमच्यावर भार नाई."

आणि तिनं खरंच भार टाकला नाही. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, हे आईच्या लेखी पक्कं होतं. ती मागच्या ओसरीत तीन विटा मांडून आपली भाकर वेगळी भाजायची. सासूबाईंना तो अपमान वाटायचा. "आमच्या घरात काय विष हाय?" त्या मला विचारायच्या, आईला ऐकू जाईल अशा बेतानं. आई विटांपाशी बसून फुंकणीनं फुंकत राहायची. एकीनं मला मेथीची भाजी दिली की दुसरी म्हणायची, उष्ण पडते. एकीनं चाल म्हटलं की दुसरी म्हणायची, पडून राहा. यजमान ऑफिसला लवकर जायला लागले. मला वाटायचं, कापसाच्या खोलीतून निघून मी नेमकं काय मिळवलं?

कळा सकाळी सुरू झाल्या, शाळा भरण्याच्या सुमाराला. रिक्षात दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर त्या दुपारपर्यंत एकमेकींशी न बोलता बसून होत्या, असं यजमान नंतर सांगायचे. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली. आईनं गाठोड्यातलं धुतलेलं दुपटं काढलं. पहिल्यांदा बाळ घेतलं ते सासूबाईंनी, कारण आईनं हात मागं घेतले.

संध्याकाळी सासूबाई घरून डबा घेऊन आल्या. माझ्यासाठी भात आणि तूप होतं. दुसऱ्या ताटलीत पोळी आणि वरण घालून त्यांनी ती आईपुढं सरकवली. "आता त झाली न नात? जेवा." आई जेवली. दोघींची मैत्री झाली असं काही झालं नाही. पण विटांवरची चूल मोडली.

वडील बारशाच्या आधी आले, संत्र्याची टोपली घेऊन. खाटेजवळ उभे राहून त्यांनी बाळाकडं खूप वेळ पाहिलं. "नाक आपल्याकडचं हाय," म्हणाले. मग आईला म्हणाले, "खोली खाली झाली. सारवून बी घेतली शेजारणीकडून. चाल आता. पोरीलेबी घेऊन चाल."

"पोरगी इथंच राहीन," आई म्हणाली. "मी महिना झाल्यावर येईन."

"मी जेवतो कुठं?"

"शेजारणीकडं," आई म्हणाली आणि बाळाची दुपटी वाळत घालायला बाहेर गेली.

वडील थोडा वेळ ओसरीत बसले. यजमानांनी त्यांना चहा दिला. त्या वर्षीच्या भावाबद्दल ते काहीतरी सांगत होते, पण मी कान दिला नाही. दुपारच्या बसला निघताना ते माझ्या दाराशी आले. बोलले इतकंच, "थंडीचं जपजो."

मी खाटेवरूनच "या" म्हटलं. त्याहून जास्त बोलावंसं मला वाटलं नाही, आणि बाळ रडायला लागलं म्हणून मी तोंड तिकडं वळवलं.