येताना चौतीस, जाताना दहा

बहिणीला सॅन फ्रान्सिस्कोचं स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण, घराणं, पत्रिका सगळं बाकीच्यांनी पाहिलं. मी त्याचं विमानाचं तिकीट पाहिलं.

त्याला कारण होतं. नव्वदच्या दशकात आमच्या मळ्यातली कोथिंबीर टेम्पोने वाशीच्या मार्केटला जायची. टेम्पो हलला की मी वेळ लिहून ठेवायचो आणि कधी पोचला ते तिथल्या दलालाला फोनवर विचारायचो. पाच तासांचे सात झाले की समजायचं, ड्रायव्हरने कसाऱ्याच्या ढाब्यावर जुड्या विकल्या. दोनदा रंगेहाथ पकडला. तेव्हापासून उशिरा पोचणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

मुलगा आमच्या इंदिरानगरच्या घरी पोहे खायला आला. परत कधी जाणार, असं मी सहज विचारलं, तर त्याने तिकीटच पुढे केलं. इतका मोकळेपणाही मला खटकला. तो गेल्यावर मी वहीत वेळा मांडल्या. येताना शुक्रवारी दुपारी निघाला आणि मुंबईत उतरला रविवारी पहाटे, म्हणजे चौतीस तास. परतीला सोमवारी पहाटे निघून सोमवारीच दुपारी तिकडे, म्हणजे दहा. रस्ता तोच, मधला थांबाही तोच, फ्रँकफर्टचा. मग येताना हा पठ्ठ्या चोवीस तास होता कुठे? मला फ्रँकफर्टमध्ये त्याचा दुसरा संसार दिसायला लागला.

बहीण शाळेत भूगोल शिकवायची. तिने एक टोमॅटो खिडकीतल्या उन्हात फिरवून दाखवला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, आणि तिकिटावर ज्या गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची. गणित जुळलं. तरी मी द्वारका चौकातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन आलो. तोही म्हणाला, येताना वीस-एकवीस, जाताना तेवीस-चोवीस तास धरा, अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. याला कमिशन मिळत असणार, असं मनात म्हणत मी घरी आलो. पण तो किलोमीटरचा आकडा काही डोक्यातून जाईना.

बहिणीला मुलगा मनापासून आवडला होता. तो सोमवारी जाणार, म्हणून होकार-नकार रविवारच्या आत कळवायचा होता, आणि वडील गेल्यापासून घरात शेवटचा शब्द माझा. शनिवारी दुपारी मळ्यात जुड्या बांधताना मी तिला म्हणालो, घाई नको, आणखी एकदा चौकशी करू.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"दादा, तो लबाड निघाला तर तुला बरं वाटेल ना?"

"नाही," मी म्हणालो.

मी टेम्पोच्या ड्रायव्हरकडे पाहायचो, तसं तिने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मीच होकाराचा फोन केला, आणि मग वहीतलं ते पान काढून पुन्हा तास मोजत बसलो, आता तिला घरी यायला लागणारे.