उपाशी उंदराचं अ‍ॅसिटोन
नात नखांचा रंग पुसायला बसली, की अ‍ॅसिटोनच्या वासासरशी मी साठच्या दशकातल्या बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत पोचते. उपाशी शरीर अ‍ॅसिटोन तयार करतं. उपाशी ठेवलेल्या उंदराच्या यकृतात ते सापडतं का, हे आम्ही यकृताचा अर्क काचेच्या नळ्यांत भरून भल्यामोठ्या चुंबकाच्या यंत्रावर बघत होतो. एका दुपारी आलेखावर अ‍ॅसिटोनचं उंच शिखर उमटलं आणि आमच्या धारवाडच्या सरांनी लगेच म्हैसूरपाक मागवला. तोंडात घास असतानाच त्यांनी पुढची काचेची नळी उचलली, हुंगली आणि म्हणाले, "अगं, या नळ्या मी सकाळी अ‍ॅसिटोननंच धुतल्या. वाळवायच्या राहिल्या की!" म्हणजे ते शिखर उंदराचं नव्हतंच! सरांनी तुपानं भिजलेला पुडा माझ्यापुढे सरकवला. "स्वल्प तरी घे. उंदीर उपाशी होता, आपण कशाला राहायचं?" आता नातीला कसं सांगू, या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं!