अडीच तासांचं रक्त

माझी वहिनी दुधाच्या पातेल्यावरसुद्धा वेळ लिहिते. खोटं वाटत असेल तर घरी येऊन बघा. चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर सात चाळीस, म्हणजे दूध सात चाळीसला तापवलं. वीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी तिचं नाव 'घड्याळ' ठेवलं. दादा पोट धरून हसला. ती हसली नाही, फक्त मला म्हणाली, "पुढे चालतं की मागे, ते ठरवून सांग." तेव्हाच मी ओळखलं, ही दिसते तेवढी साधी नाही.

ती एका मोठ्या इस्पितळात चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काम करते. खालून रक्ताच्या नळ्या येतात. ती त्या यंत्रात गरगर फिरवते, वर तरंगलेला पिवळसर भाग इवल्याशा कुप्यांत काढते आणि बर्फाहून कितीतरी गार अशा कपाटात ठेवून देते. रक्त काढल्यापासून तासाभरात हे सगळं उरकलं पाहिजे, असा तिथला नियम आहे. नळीवर माणसाचं नाव नसतं, नंबर असतो आणि खाली वहिनीच्या अक्षरात दोन वेळा: रक्त कधी काढलं आणि यंत्रात कधी घातलं. दिवसभर ही बाई उभी. पायाला भिंगरी लावल्यासारखी फ्रीजरकडून यंत्राकडे, यंत्राकडून टेबलाकडे. घरी आली तरी तेच, उभ्यानेच चहा पिते. मी त्याच घरात खालच्या मजल्यावर राहते आणि शाळेचे गणवेश शिवते. माझा राग नाकावर असतो, हे गल्लीला ठाऊक आहे. तरी आमच्या दोघींचं वीस वर्षं जमलं, कारण मी भांडले की ती निघून जाते आणि दहा मिनिटांनी भाजी चिरायला घेऊन परत येते.

मागच्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली, पण काखेपर्यंत पसरलंय म्हणाले, पुढे केमो घ्यावी लागेल. त्या दिवसांत मी एकच कॉलर तीनदा शिवली आणि तीनदा उसवली. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते सुचेना. जिवाची नुसती घालमेल.

वहिनीच्या प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरबाईंनी मला बोलावून नीट समजावलं. शरीराला जखम झाली की रक्तात काही प्रथिनं सुटतात. त्यांचं काम हाका मारायचं: इकडे या, इथे काहीतरी बिघडलंय. पांढऱ्या पेशी धावत येतात, सूज येते, जखम भरते, हाका थांबतात. पण काही जणींच्या गाठीपाशी या हाका थांबतच नाहीत. मग मदतीला आलेले तिथेच मुक्काम ठोकतात आणि गाठीलाच खाऊपिऊ घालतात.

"म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ," मी म्हटलं.

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

त्यांच्याकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू होणार होती. हाका मारणाऱ्या प्रथिनांतलं एक दाबून टाकणारं औषध, केमोच्या जोडीला द्यायचं. पण ज्यांच्या रक्तात ते प्रथिन ठरलेल्या रेषेच्या वर असेल त्यांनाच. खाली असेल तर उपयोग नाही, उलट केमोने आधीच खचलेली रोगाशी लढायची ताकद आणखी खचेल. शेवटची एक जागा उरली होती. मला ती हवी होती. इतकी की मी मनात रेषाच खाली ओढत होते.

रक्त द्यायला वहिनी सोबत आली. नर्सने नळी भरली आणि "तुम्ही वर जाताच आहात, घेऊन जा" म्हणून तिच्याच हातात दिली. वहिनीने ती अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली. आम्ही दारापर्यंत पोचलो आणि मी घेरी येऊन धाडकन पडले. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नर्सने नाडी बघून 'पडून राहू दे' म्हटलेलं, बाकावर तिच्या मांडीवर माझं डोकं, कपाळावर तिचा हात. उभ्याने चहा पिणारी बाई त्या दिवशी बसली, आणि बसून राहिली.

आठवड्याने निकाल आला. माझा आकडा रेषेच्या चांगलाच वर होता. जागा मिळाली, सोमवारी औषध सुरू. दादाने रडून घेतलं. शनिवारी सगळे जेवायला बसलो आणि मला वाचा फुटली. माझ्या पडण्याची नक्कल करून दाखवली, नर्सची करून दाखवली. मग म्हटलं, "आणि आमचं घड्याळ त्या दिवशी बंद पडलं बरं का! साडेनऊला पडले, तशीच झोप लागली, डोळे उघडले तेव्हा भिंतीवर बारा. अडीच तास माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, पाय बधिर झाले तरी हलली नाही."

दादा हसला. वहिनीचा घास हातातच राहिला.

"बारा वाजले होते?" तिने विचारलं.

"बाराच. का गं?"

तिने ताट उचललं आणि आत गेली. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

तिने काय केलं होतं ते मला नंतर कळलं. मला रिक्षात बसवून ती धावत वर गेली, खिशातली नळी काढली आणि हाताच्या सवयीने तिच्यावर रक्त काढल्याची वेळ लिहून टाकली. तिच्याकडे नळी येते ती रक्त काढल्यावर दहा मिनिटांत. रोज पन्नास नळ्यांवर ती हातातल्या घड्याळातून दहा मिनिटं वजा करून लिहिते. त्या दिवशीही तेच लिहिलं. नियमाने ती नळी फेकायची होती. अडीच तास तिच्या अंगाच्या उबेत पडून होती ती. नळीतल्या पेशींना काय कळतंय आपण शरीराबाहेर आलोय ते? ऊब मिळाली की त्या प्रथिन सोडत राहतात. माझा आकडा त्यातून चढला होता.

सोमवारी सकाळी मी नवी ओढणी घेऊन तयार बसले. इस्पितळातून फोन आला: औषध आज नको, रक्त पुन्हा तपासायचंय. वहिनी त्या सकाळी एक तास आधी कामावर गेली होती आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगून, लिहूनही देऊन मोकळी झाली होती. दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा नळी दुसऱ्याच बाईंनी नेली. या वेळी आकडा रेषेच्या बराच खाली निघाला. जागा दुसऱ्या कुणाला गेली आणि माझी नेहमीची केमो सुरू झाली.

हातातोंडाशी आलेला घास घरच्याच माणसाने काढून घेतला, असं मला वाटलं. मी तिला नाही नाही ते बोलले. "तुझ्या वहीतल्या वेळा नीट राहाव्यात म्हणून माझा जीव पणाला लावलास," हेसुद्धा बोलले. ती या खेपेला भाजी घेऊन परत आली नाही. दोन महिने आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की मी भिंतीकडे बघत असे. केमोला दादा सोबत यायचा. तिला कामावरून समज मिळाली, तीन महिने नळ्यांना हात लावायचा नाही असं ठरलं, हे त्यानेच मला सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. खरंच म्हटलं.

चौथ्या खेपेला दादाला ताप आला आणि ती आली. दुपारची वेळ, लांब खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला सुई. ती माझ्या शेजारी उभी. थेंब मोजत असावी. मला सहन होईना.

"बस तरी," मी म्हटलं. ती बसली.

"औषध घेतलं असतं तर काय झालं असतं, ते सांग."

"कदाचित काहीच नाही. कदाचित साधा ताप आला असता आणि उतरला नसता. मला माहीत नाही."

"माहीत नव्हतं, तर मला आधी विचारायला हवं होतंस. जीव माझा आहे. अख्खा रविवार होता तुला, फक्त एक जिना उतरायचा होता."

तिने माझ्या हातावरची चिकटपट्टी उगाच दाबली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, गप्प बस."

"म्हणाले असतेच."

"हो," वहिनी म्हणाली, "आणि मी गप्प बसले असते."