मागचं पाडस
हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट दवाचा, आंबेचा वास आला की मला आईची गोफण आठवते. आमचं पोट दोन एकर हरभऱ्यावर होतं. वडील गेल्यावर हरणं हाकलत, तो राखत आईनं मला एकटीनं शिकवलं. पदवीदानाच्या सकाळी मित्राची गाडी मागून मी तिला कडगंचीला विद्यापीठात घेऊन निघालो होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दहिवरानं भिजलेला हरभरा होता. अचानक एक हरणी समोरून उडी मारून गेली. "थांब की रं, एकामागं दुसरं असतंयच," आई म्हणाली. "गाडीतलं तुला काय कळतंय? उशीर व्हायलाय," म्हणत मी वेग वाढवला, आणि हरणीमागं धावलेलं पाडस गाडीवर आदळलं. जन्मभर हरणांना शिव्या घालणाऱ्या आईनं खाली उतरून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "अजून जीव हाय ह्याच्यात. सोडलं तर कुत्री फाडतील. तू जा, तुझं नाव पुकारतील." आणि मी खरंच गेलो. आता एक हरण दिसलं की गाडी थांबवून दुसऱ्याची वाट बघतो. त्या दिवशी टाळ्या वाजल्या, आईची खुर्ची रिकामी होती, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.