भिंत माझी, वकील माझा

वकीलसाहेबांना जाऊन महिना झाला, त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या कमिटीचे तिघे माझ्या दुकानात आले. त्यांना माझी भिंत हवी होती.

अंधेरीच्या आमच्या गावठाणात गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे आणि क्रुसाला लागून माझं दुकान. पाडलेल्या इमारतींचे जुने दरवाजे, खिडक्या, ग्रिल मी विकत घेतो आणि विकतो. क्रुसाकडची माझी भिंत कोरी आहे. तिच्यावर त्यांना संगमरवरी फलक बसवायचा होता. मजकूर तयार होता: वकीलसाहेबांचं नाव आणि खाली ‘ज्यांनी हा पवित्र क्रूस वाचवला’.

“खोटं आहे,” मी म्हणालो.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे वकीलसाहेबांचे शाळेपासूनचे दोस्त. मी त्यांना अंकल म्हणतो. ते म्हणाले, “अरे, चांगलंच लिहिलंय ना त्याच्याबद्दल. तुला कसला त्रास?”

“त्रास आहे. आणि भिंत माझी आहे.”

त्रास काय, ते इथे लिहून ठेवतो. त्या दिवशी मी ओरडलो, आणि ओरडणाऱ्याचं कोणी धड ऐकत नाही.

मी गिरणी कामगाराचा मुलगा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा हातगाडीवर दरवाजे ओढत मी या धंद्यात आलो. घासाघीस केल्याशिवाय मी केळीसुद्धा घेत नाही. वकीलसाहेब पहिल्यांदा दुकानात आले ते मोरीला दरवाजा घ्यायला. गळ्यात क्रॉस बघून मी सुरू केलं, “गुड टीक, सर. बर्मा टीक.”

“मराठी बोल ना रं,” ते म्हणाले. “मना काय गोरा समजलास?”

त्यांचं घर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. पिढ्यान्‌पिढ्या याच गावठाणात, आणि घरात मराठीच. मी भाव सांगितला, त्यांनी सरळ पाकीट काढलं. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक भाव करत नाही म्हणजे आपण येड्यासारखा कमी सांगितला. “साहेब, जरा तरी ओढाताण करा,” मी म्हणालो. ते म्हणाले, “मी कोर्टात दिवसभर तेच करतो. दरवाजा दे.”

पुढे गावठाणामागच्या जागेवर बिल्डर आला. त्याला आत जायला रुंद रस्ता हवा होता, आणि रस्त्याच्या आड क्रूसही येत होता आणि माझं दुकानही. दुकान खाली करण्याची नोटीस घेऊन मी वकीलसाहेबांच्या घरी गेलो. सकाळची वेळ. ते व्हरांड्यात बनियनवर उभे राहून दोन्ही मुलींच्या शाळेच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. ते काम ते कोणाला करू देत नसत, बायकोलाही नाही. मी केस सांगत होतो आणि ते स्कर्टच्या प्लेटा बसवत होते. सांगता सांगता मी टेबलावर हात आपटला, एक प्लेट मोडली आणि मला जी शिवी बसली ती चर्चमध्ये शिकवत नसणार.

मग म्हणाले, “ठीक. आजपासून तू माझा अशील.”

मी उठलोच. “अश्लील? काय बोललो मी असं?”

आतून आंटींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, हसू ऐकू आलं. वकिलाच्या गिऱ्हाइकाला अशील म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर आंटी मला बघितलं की आत आवाज देत, “तुमचा अश्लील आलाय.”

संध्याकाळी त्यांच्याकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असे. तेव्हा जज जरी आला असता तरी बाहेर बाकावर बसला असता. एकदा घाईचं काम होतं म्हणून मी बोलतच आत शिरलो. त्यांनी डोळ्यांनी खुर्ची दाखवली. मुली, आंटी, ते, सगळे गुडघ्यांवर. अर्धा तास मी तोंड मिटून बसलो. इतका वेळ गप्प मी आयुष्यात कधी बसलेलो नाही.

कोर्टाने दुकान पाडायला तात्पुरती मनाई केली आणि केस इतकी वर्षं रेंगाळली की मुलींच्या शाळाही संपल्या. तसा बिल्डर हुशार झाला. तो माझ्याकडे आला नाही, कमिटीकडे गेला. म्हणाला, रस्ता जरा वळवतो, क्रूस जागेवर राहील, वर छत्री बांधून देतो, दिवे लावतो. फक्त दुकान जाऊ द्या, नाहीतर दोन्ही जातील. कमिटी खूश. आता एकच अडचण उरली होती: दुकानाचा वकील त्यांच्यातलाच निघाला होता.

अंकल व्हरांड्यात आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“वकीलपत्र सोड,” ते वकीलसाहेबांना म्हणाले. “याला दुसरा कोणी मिळेल.”

“नाय सोडत.”

“तू कोणाच्या बाजूचा आहेस रे? तुझा बाप्तिस्मा कुठे झाला, विसरलास?”

“आठवतो ना. पण क्रुसाने मला वकीलपत्र दिलेलं नाय. याने दिलंय.”

अंकल पायरीवर थांबले. “मुलीचं लग्न आहे ना तुझ्या? बघू मग कोण येतो.”

हे त्या मुलीच्या गॉडफादरचे शब्द. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा राहिलेला माणूस.

मी त्या दिवशी वकीलसाहेबांना सांगितलं, सोडा माझी केस, मी भांडेन माझं मी. ते म्हणाले, “तू भांडलास की केस हरतो आपण. गप्प बस.”

ईस्ट इंडियन लग्नात आदल्या दिवशी उंबराचं पाणी असतं. नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायचं. पुढे बँड, मागे कळश्या घेतलेल्या बायका, मागे सगळं गावठाण. थोरलीच्या वेळी बँड माझ्या दुकानासमोरून गेला आणि मागे घरचीच माणसं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत लोक उभे होते. बघत होते. खाली कोणी उतरलं नाही. अंकलच्या घराचा दरवाजा बंद होता. तो दरवाजाही माझ्याच दुकानातून गेलेला.

मी शटर ओढलं. कामाची माणसं, माझी बायको, तिची बहीण, सगळ्यांना घेऊन मागे चालायला लागलो. वकीलसाहेबांनी वळून बघितलं आणि बँडवाल्याला ओरडून सांगितलं, “जोरात वाजव रे, झोपलेत सगळे.” मग नाचायला लागले. वाईट नाचायचे. हात एकीकडे, पाय भलतीकडे. पण विहिरीपासून घरापर्यंत, प्रत्येक खिडकीखालून, थांबले नाहीत. आंटी डोक्यावर कळशी घेऊन ताठ चालत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कळशी हिंदकळली म्हणून, असं त्या म्हणाल्या. कळशी हिंदकळली नव्हती. मी मागेच होतो.

शेवटी कोर्टाने मनाई कायम केली. बिल्डरने पलीकडच्या रस्त्याला गेट काढलं. दुकान राहिलं, म्हणून क्रूसही राहिला. झालं ते एवढंच. क्रूस धोक्यात घालून एक माणूस आपल्या अशिलाबरोबर उभा राहिला. नंतर चर्चच्या सणाच्या मिरवणुकीत मूर्ती वाहणाऱ्या त्याच्या खांद्याची जागा दुसऱ्याला दिली गेली. तो मागून चालत राहिला, एकही रविवार चुकवला नाही. आणि आता तो गेल्यावर हेच लोक संगमरवर घेऊन आले.

तर, दुकानातली बोलणी. कमिटीतला एक जण म्हणाला, “मग ‘सर्व समाजांचे मित्र’ असं लिहू.”

“सर्व समाज उंबराच्या पाण्याला कुठे होता?”

अंकल लाल झाले. “मग काय लिहू? दुकानदाराचा वकील?”

“तेच लिहा.”

“क्रुसाशेजारी तुझी जाहिरात करू?”

“खरं लिहा, नाहीतर भिंत नाही.”

अंकल उठले. गिऱ्हाईक उठतं, पायरीपर्यंत जातं आणि वळतं, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. अंकल वळले नाहीत. तडक आंटींकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आंटी धाकट्या मुलीला घेऊन आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ दे, सोड राग. मी तयारीत होतो. त्या बसल्या आणि म्हणाल्या, “बोल, भिंतीचं काय घेशील?”

“आंटी, तुमच्याकडून मी काय घेणार?”

“का? ते भाव करत नव्हते, मी करते.” त्यांनी कमिटीचा कागद काढला आणि नावाखालची ओळ पेनाने खोडली. खाली एकच शब्द लिहिला. वकील. “एवढंच राहील.”

“पण कोणाचा? लोकांना कळायला नको?”

“ज्याला कळायचं तो विचारील. तू दिवसभर इथेच बसतोस ना? की तोंड आता फक्त भाव करायला ठेवलंयस?”

धाकटी हसली. मी आणखी ओढून बघितलं, निदान अशील हा शब्द तरी घाला म्हणून. आंटी म्हणाल्या, “लोक चुकीचं वाचतील.”

“आणि अंकल ऐकतील?”

“माझ्या मुलीचा गॉडफादर आहे तो. त्याला ऐकावं लागेल.”

फलक बसला. पाद्रींनी पाणी शिंपडलं, माणसं जमली, अंकल पुढे उभे होते. नव्या इमारतीत राहायला आलेली एक बाई फलक वाचून मला विचारू लागली, “वकील होते? कोणाचे?”

“माझे,” मी म्हणालो. “माझ्या दुकानाचे. त्यापायी त्यांच्या मुलीच्या उंबराच्या पाण्याला या गल्लीतून कोणी आलं नाही.”

अंकल दोन हातांवर होते. मी आवाज खाली आणला नाही.