धर्मकाट्याचं कॉम वन

"भंगारात टाका ताई, दुसरं काय," असं शेठ फोनवर म्हणाला, तेव्हा तो कॉम्प्युटरविषयी बोलत नव्हता. कॉम्प्युटर आधीच मेला होता. तो माझ्या प्रोग्रामविषयी बोलत होता, आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

अकोल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून या शेठची जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाची गाडी आधी तिथल्या धर्मकाट्यावर चढते. भरलेली मोजायची, कापूस खाली करून रिकामी मोजायची, राहिलं ते कापसाचं वजन. काट्याखालची वायर खोलीतल्या आकडे दाखवणाऱ्या डब्यात येते आणि डब्यातून कॉम्प्युटरमध्ये. तिथून तो आकडा उचलून पावती छापणारा प्रोग्राम माझा. अमरावतीला पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाला होता, लग्न व्हायचं होतं, आणि या शेठच्या वडिलांनी विचारलं होतं, "पोरी, जमते का तुले?" न जमायला काय झालं होतं? लिहिला.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, बाकी नखरा नाही. गाडी काट्यावर हलत असली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, 'थांबा, बैल हालून राहिले'. ट्रॅक्टर असला तरी हेच यायचं, आणि ट्रॅक्टरवाले हसायचे. आकडा जागेवर थांबला, चांगला वेळभर थांबला, की मगच वजन घ्यायचं. आणि वजन हातानं टाकायची सोय मी ठेवलीच नाही. तशी जागाच नाही त्या पडद्यावर. मी दुसऱ्या काट्यांवरही कामं केली आहेत. लाइट गेली, वायर ढिली झाली, की माणूस हातानं आकडा टाकतो. कधीतरी चुकतो. पण ती चूक शेतकऱ्याच्या फायद्याची झालेली मी अजून पाहिलेली नाही. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कोणाकडे?

यंदा हंगामाच्या तोंडावर तिथला कॉम्प्युटर बसला. शेठनं नवा आणला आणि कोण्या कंपनीच्या माणसाला बोलावून ठेवलं. त्याच्या पॅकेजात रंगीत चित्रं, मोबाइलवर मेसेज, आणि हातानं वजन भरायचा एक चौकोन. अडीअडचणीला म्हणून. शेठनं मला फोन केला तो विचारायला नाही, कळवायला. मी म्हटलं, "एक दिवस द्या मले. नाही चालला तर मीच भंगारात टाकतो." आणि सकाळच्या बसनं अकोल्याकडे निघाले.

अडचण अशी की माझा प्रोग्राम आकडा एकाच ठिकाणी शोधतो. जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांचं एक तोंड असायचं, त्याचं नाव कॉम वन. नव्याला ते तोंडच नाही. मी अमरावतीहून प्रोग्रामची प्रत आणि एक कन्व्हर्टरची वायर घेऊन गेले होते, एका बाजूला नऊ पिना, दुसऱ्या बाजूला यूएसबी. ती लावली तर नव्या कॉम्प्युटरनं आपल्या मनानं त्या जागेचं नाव ठेवलं कॉम सेवन. आता कॉम सेवन माझ्या प्रोग्रामच्या बापानं पाहिलं नव्हतं. आणि प्रोग्राम तर सुरूच होईना. इतकं जुनं आमच्याकडे चालत नाही, असं पडद्यावर आलं. हावो, नाही चालत तुझ्याकडे.

मग मी जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यात भरला आणि त्याला लिहून दिलं, की आतल्याला विचारलं तर कॉम वन आहे म्हणून सांग, आणि आकडा मात्र बाहेरच्या कॉम सेवनवरून आण. म्हणजे नसलेलं कॉम वन उभं केलं. गावात बहुरूपी पोलीस होऊन येतो आणि पोरंसोरं त्याला खरा सलाम ठोकतात, तसं माझ्या प्रोग्रामनं त्या सोंगाला मानलं. हिरवी अक्षरं आली. काटा रिकामा होता, पडद्यावर शून्य आलं, आणि ते शून्य पाहून मला रडू यायचंच बाकी होतं.

बाहेर गाड्या लागल्या होत्या. पहिला नंबर एका बंडीचा. म्हातारे काकाजी बैलांच्या पुढ्यात कासरा धरून उभे. बंडी काट्यावर चढली, आणि बैलांनी अजून पाय टेकवले नाहीत तोच भरल्या बंडीची पावती छापून बाहेर.

काकाजी खिडकीशी आले. "बाई, बैल हालून राहिले ना अजून. वजन काहून घेतलं?"

खरंच होतं. थांबायचा वेळ मी प्रोग्रामला मनातल्या मनात एक, दोन, तीन असं मोजायला लावून भरला होता, त्या काळी सगळेच असं करायचे. जुना कॉम्प्युटर सावकाश मोजायचा. हा नवा डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळा. मी पावती फाडली, काकाजींना बंडी काट्यावरून खाली घ्यायला सांगितलं आणि त्या सोंगाचा वेग कमी करत बसले. इतका पैसा घालून आणलेला वेगवान कॉम्प्युटर मी बैलगाडीच्या चालीवर आणला. काट्यावर उभी राहून, मुद्दाम डुलून पाहिलं. खिडकीतून पडद्यावर दिसलं, बैल हालून राहिले. बरोबर आहे, म्हटलं.

खोलीत येऊन खुर्चीवर बसले, तर शेठ मागे उभाच होता. गोड आवाजात म्हणाला, "ताई, आता उघडलंच हाये तर एक बटन टाकून द्या. हातानं वजन घ्यायचं. वायर तुटली, तर माणसानं काय करावं?"

"वायर जोडावी."

"तसं नाही जी. धंदा थांबते."

"थांबू द्या."

"मंग मले कंपनीचंच घ्या लागते," तो म्हणाला, आणि मोबाइल काढला.

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू? जिनिंग त्याची, काटा त्याचा, कॉम्प्युटर त्याचा. मी बाहेरची बाई, संध्याकाळच्या गाडीनं घरी जाणारी. त्यानं एक फोन केला असता, तर माझं सगळं पुसलं गेलं असतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. मी उठून खिडकी पुरती उघडली.

"ऐका हो," मी लाइनीकडे पाहून म्हटलं. "शेठ म्हणतात, वजन हातानं टाकायची सोय पाहिजे. तुमाले चालते का?"

काकाजींनी कासरा ओढला आणि बैल गेटाकडे वळवले. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन सुरू केलं. त्या रस्त्यावर जिनिंगा काही कमी नाहीत.

"अजी थांबा ना बाप्पा," शेठ अर्धा खिडकीबाहेर वाकला. "मी निस्तं विचारून राहिलो होतो." आणि मोबाइल खिशात घातला.

काकाजींनी बैल थांबवले, पण काट्यावर आणले नाहीत. शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "बाई, ते बटन हाये का नाही?"

"नाही."

"पुढं टाकान का ते?"

"मी हाये तोवर नाही."

"आन तुमी नसान तवा?"

"तवा तुमी हाय ना," मी म्हटलं. "आत्ता वळवले तसे बैल वळवा."

त्यांनी बैलांची तोंडं फिरवली आणि बंडी काट्यावर घेतली.